साडेसहाचा स्केड

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला, त्या दिवशी माझी समजूत अशी होती की आता डोंगरात कुठेही अडकले तरी बटण दाबायचे आणि मदत मागायची, एवढेच काम उरले. ही समजूत पहिल्याच भटकंतीत एका घळीच्या तळाशी निकालात निघाली. हातात पाच वॅटचा नवाकोरा हँडसेट होता, बॅटरी पूर्ण भरलेली होती, जवळच्या रिपीटरची, म्हणजे आलेला आवाज जास्त शक्तीने पुन्हा सोडणाऱ्या केंद्राची, फ्रीक्वेन्सी आणि ते उघडणारा टोन आदल्या रात्रीच सेटमध्ये भरून ठेवले होते. मी दहा-बारा वेळा माझी कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली ओळख-अक्षरे, उच्चारली आणि प्रत्येक वेळी बटण सोडल्यावर नुसती खरखर ऐकू आली. संकट काही नव्हते, चाचणीच होती, म्हणून हसून सेट पिशवीत टाकला. रात्री तंबूत पडल्यावर मात्र हसू आले नाही. खरोखरच कोणाचा पाय मोडला असता, तर मी हीच खरखर ऐकत बसले असते.

दोन वर्षांनी आमच्या एका सोबत्याचा पाय खरोखरच मोडला. मधल्या काळात मी काय शिकले, त्यातले काय उपयोगी पडले आणि त्या संध्याकाळी मी कुठे चुकले, ते वहीतल्या नोंदींवरून लिहिते आहे.

परवान्याच्या परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नियम, विजेची आणि इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे, अँटेना, सुरक्षितता हे सगळीकडे असते. मोर्स येणे पूर्वी सर्वत्र सक्तीचे होते, पण २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ती अट ठेवायची की काढायची हे त्या त्या देशावर सोडले आणि बहुतेकांनी ती काढली. अभ्यास करताना एक तरतूद मात्र मी दोनदा वाचली होती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत असे म्हटले आहे की, संकटात सापडलेल्या स्थानकाने लक्ष वेधून घेण्यासाठी, आपला ठावठिकाणा कळवण्यासाठी आणि मदत मिळवण्यासाठी हाताशी असलेले कोणतेही साधन वापरले, तर त्याला नियमावलीतली कोणतीही तरतूद आड येत नाही. या तरतुदीचा अर्थ लोक फार सोयीने लावतात. परवाना न काढता एक स्वस्त सेट पिशवीत ठेवायचा आणि वेळ आली की वापरू, असे म्हणणारे मला दर महिन्याला एक तरी भेटतात. नियमाने अडवले नाही, म्हणून पलीकडे कोणी ऐकत बसलेले असते असे नाही, आणि जो सेट कधी वापरलाच नाही तो अंधारात, थंडीत, थरथरत्या हाताने वापरता येतो असेही नाही.

घळीतल्या त्या फजितीनंतर मी ज्यांच्याकडे गेले, ते माझे मार्गदर्शक चाळीस वर्षे सेटसमोर बसलेले गृहस्थ आहेत. त्यांनी माझी तक्रार ऐकून घेतली आणि विचारले, “तुम्ही उभ्या कुठे होता?” मी नकाशावर जागा दाखवली. त्यांनी त्या जागेपासून रिपीटरपर्यंत पट्टी ठेवली. पट्टीखाली एकामागून एक अशा तीन डोंगरधारा येत होत्या. “पाचच्या जागी पन्नास वॅट असते तरी तुमचा आवाज तिथे पोचला नसता,” ते म्हणाले.

हे मला पुस्तकातून कळले होते, पण कळले नव्हते. हँडसेट ज्या दोन मीटर पट्ट्यावर चालतात, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या पुढे, तिथल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. रेडिओ-क्षितिज किती लांब आहे याचा एक ठोकताळा आहे. अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ४.१२ ने गुणायचे, की उत्तर किलोमीटरमध्ये येते. सपाटीवर उभ्या माणसाच्या हातातला दीड मीटर उंचीवरचा सेट पाच किलोमीटरपर्यंत पाहू शकतो. हजार मीटर उंच कड्याच्या टोकावरून तोच सेट समोरच्या मैदानात १३० किलोमीटर लांब पाहतो. याउलट शक्ती दसपट केली तर पलीकडच्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचा काटा जेमतेम दीड-दोन एस-घरे सरकतो, आणि एक कातळी धार याहून कितीतरी जास्त गिळून टाकते.

त्यानंतरचे काही महिने मी हँडसेटच्या खोड्या शिकण्यात घालवले. सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना खिशात मावते, हाच तिचा मुख्य गुण आहे. तिच्या जागी अर्ध्या मीटरची पाव-तरंग अँटेना लावली आणि सेटच्या धातूच्या भागाला तेवढ्याच लांबीची एक वायर खाली लोंबती सोडली, तर खर्च जवळजवळ काही नाही आणि फरक कानाला कळतो. त्याहून मोठे आश्चर्य पावलांचे होते. कड्यावर आपटून परतलेल्या लहरी आणि थेट आलेल्या लहरी एकमेकींना कुठे जोर देतात, तर कुठे मारून टाकतात, आणि १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटरच असल्यामुळे ही ‘कुठे’ आणि ‘कुठे’ एकमेकांपासून अर्ध्या-एक मीटरवर असतात. रिपीटरचा आवाज ऐकत मी एकदा एका खडकावर डावीकडे एक पाऊल सरकले, तर आवाज खरखरीत बुडाला, परत उजवीकडे आले तर लख्ख झाला. तेव्हापासून आवाज सापडला की मी पायाखाली खडूने फुली मारते.

पण फुली मारायला आधी आवाज सापडावा लागतो. खोल दरीत तो सापडत नाही, आणि आडरानात अपघात बहुधा दरीत, ओढ्यात, निसरड्या उतारावर होतात. जिथून रेडिओ छान लागतो त्या माथ्यावर क्वचितच होतात. जखमी माणसाला सोडून एकट्याने संध्याकाळी माथा गाठायला निघणे म्हणजे एकाचे दोन जखमी करण्याची सोय. मार्गदर्शकांनी यावर सुचवलेला उपाय ऐकून आधी मला ते थट्टा करत आहेत असे वाटले. ते म्हणाले, “डोंगर आडवा येतो ना? मग सरळ वर बोला.”

लघुलहरी, म्हणजे तीन ते तीस मेगाहर्ट्झ, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परावर्तित होतात हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणून त्या दूरच्या संपर्कासाठी आहेत असे आपण धरून चालतो. मात्र योग्य फ्रीक्वेन्सीची लहर जवळजवळ काटकोनात वर पाठवली, तर ती अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरून पावसासारखी खाली परतते आणि आपल्याभोवतीच्या तीन-चारशे किलोमीटरांच्या वर्तुळात सगळीकडे पडते. मधल्या डोंगरांचा संबंधच उरत नाही, कारण लहर त्यांच्या डोक्यावरून येते. याला एनव्हिस म्हणतात. त्यासाठी अँटेना उंच नको, उलट बुटकीच हवी. ७ मेगाहर्ट्झसाठी वीस मीटर लांबीची तार मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पसरायची आणि मधला बिंदू पाच-सहा मीटर उंचीवर टांगला की झाले. मासे धरायच्या गळाची घडीची फायबर-काठी त्याला पुरते.

अट एकच, फ्रीक्वेन्सी योग्य हवी. ती खूप वरची असेल तर सरळ वर गेलेली लहर आयनांबर भेदून अवकाशात निघून जाते, आणि खूप खालची असेल तर दिवसा खालच्या डी थरात शोषली जाते. ढोबळ हिशेब असा की दिवसा ७ मेगाहर्ट्झ आणि सूर्य मावळल्यावर ३.५ च्या वरचा पट्टा. दोन्ही जमावेत म्हणून मी तार दुव्याची केली होती. दोन्ही बाजूंना दहा मीटरवर एक मगर-चिमटा ठेवला होता, पुढे आणखी दहा मीटर तार जोडलेली. चिमटे उघडे असले की ७ मेगाहर्ट्झ, लावले की ३.६. स्वतःच्या हाताने केलेली ती तार मला फार आवडत असे. घरी मी ती प्रत्येक वेळी दिवसाउजेडी जोडली होती, हे मुद्दाम नोंदवते.

उरला प्रश्न ऐकणाऱ्याचा. हौशी रेडिओच्या पट्ट्यांवर आणीबाणीसाठी ठरवलेल्या काही केंद्र-फ्रीक्वेन्सी आहेत. १४.३००, १८.१६० आणि २१.३६० मेगाहर्ट्झ या जगभर त्याच आहेत, बाकीच्या प्रदेशाप्रमाणे बदलतात. दोन मीटरवरही हाक मारायची ठरलेली जागा असते, कुठे १४५.५००, कुठे १४६.५२०. तरीही रानातल्या मंगळवारी संध्याकाळी त्या जागी नेमका कोणी कान देऊन बसलेला असेल, यावर माणसाचा जीव टांगणे मला पटत नाही. म्हणून आम्ही स्केड ठरवला. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या बोलीत स्केड म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेटण्याचा शब्द. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता ७ मेगाहर्ट्झवर, तिथे न जमल्यास बरोबर अर्ध्या तासाने ३.६ वर. सलग दोन स्केड चुकले तर मार्गदर्शकांनी बचावपथकाला फोन करायचा. त्यांच्याकडे आमचा मार्ग आखलेला नकाशा, मुक्कामाच्या जागा, चौघांची वये, औषधांची यादी आणि घरच्यांचे क्रमांक दिलेले होते. रेडिओवर बोललेले सगळे जग ऐकते आणि हौशी पट्ट्यांवर सांकेतिक भाषेत बोलायला बंदी असते. तेव्हा कोणाचे नाव, कोणाचा आजार हवेत जाऊ नये म्हणून हे कागदावर आधी देणेच बरे. पुढे ज्याचा पाय मोडला तो सोबती हवेत फक्त ‘तिसरा’ होता.

इथेच एक कबुली देते. ४०६ मेगाहर्ट्झचा उपग्रह-बीकन आमच्याकडे नव्हता. अशा बीकनचे संदेश उपग्रहांमार्फत पकडणाऱ्या कोस्पास-सारसॅट या यंत्रणेने १९८२ मध्ये पहिली माणसे वाचवली, आणि १९८८ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ती सगळ्या देशांसाठी खुली झाली. जिथे कायदा परवानगी देतो आणि खिसा परवडू देतो, तिथे डोंगरात जाणाऱ्याने रेडिओच्या आधी बीकन घ्यावा, असे माझे मत आहे, आणि ते हॅम मित्रांना आवडत नाही. बीकन ‘आम्ही इथे आहोत’ एवढेच सांगतो. काय झाले, किती जण, चालता येते का, हे त्याला सांगता येत नाही, आणि ‘निघालो आहोत, सकाळी पोचतो’ हे उत्तर साध्या बीकनवर ऐकूही येत नाही. तरीही तो आधी.

आता त्या संध्याकाळबद्दल. हिवाळ्याची सुरुवात होती. ओढा ओलांडताना तिसऱ्याचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि दोन दगडांच्या फटीत अडकूनच तो पडला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. घोट्याच्या वर पाय चमत्कारिक वळला होता, पण कातडी फाटली नव्हती, बोटांना स्पर्श कळत होता. दोघांनी पाय झोपायच्या गादीत गुंडाळून काठ्यांनी बांधला, त्याला ओढ्यापासून वर कोरड्या जागी नेले, अंगाखाली आणि अंगावर जे होते ते सगळे घातले. वेळ पावणेपाच. सूर्य डोंगराआड गेलेलाच होता.

मी आधी हँडसेट काढला, कारण त्याला एक मिनिट लागते. रिपीटरचा आवाज आला, चक्क आला, तुटका पण समजण्यासारखा. मी हाक मारली. उत्तर नाही. लोंबती वायर लावली, दगडांवर पुढे-मागे सरकत फुलीची जागा शोधली, तरी रिपीटर उघडेना. आपल्याला ऐकू येणारा पण आपले न ऐकणारा रिपीटर म्हणजे मगर, असे हॅम मंडळी म्हणतात. तोंड मोठे, कान बारके. पन्नास वॅटचा त्याचा आवाज वाकत-आपटत आमच्यापर्यंत येत होता आणि माझे पाच वॅट परतीच्या वाटेत संपत होते. वीस मिनिटांनी मी थांबले. बॅटरी सकाळी पथक जवळ आल्यावर लागणार होती, म्हणून ती सेटमधून काढून अंगाशी, आतल्या खिशात ठेवली. लिथियम बॅटरी गारठली की भरलेली असूनही रिकामी असल्यासारखी वागते.

मग काठी उभी केली. दोन्ही तारा उताराला समांतर पसरल्या, टोके झुडपांना बांधली. साडेपाचला लघुलहरींचा सेट चालू केला, तेव्हा ७ मेगाहर्ट्झवर आवाजच आवाज होते. हजार-दीड हजार किलोमीटरवरची माणसे शेजारी बसल्यासारखी एकमेकांना हवामान सांगत होती. मला हायसे वाटले, आणि ते वाटायला नको होते. सहा वाजता ठरलेल्या जागी मार्गदर्शकांना हाक मारली. शांतता. पुन्हा मारली. त्यांचे घर दोनशे किलोमीटरच्या आत होते, आणि लांबचे सगळे ऐकू येत असताना तेच तेवढे नव्हते. पुस्तकातली ओळ अशी अंगावर आली. सूर्य मावळल्यावर आयनांबर विरळ होत गेले होते. तिरक्या कोनात आलेली दूरची लहर ते अजून परतवत होते, पण सरळ वर गेलेली माझी लहर आता भेदून जात होती. जवळच्यांसाठी ७ मेगाहर्ट्झ बंद झाला होता.

घाबरून मी दूरच्या एका गप्पांमध्ये ‘ब्रेक, ब्रेक, इमर्जन्सी’ म्हणत शिरण्याचा प्रयत्न केला. नियमाप्रमाणे त्यांनी लगेच थांबून ऐकायला हवे होते, आणि ऐकू गेले असते तर ते थांबलेच असते याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या शेकडो वॅटच्या गोंगाटात माझे दहा वॅट बुडाले. सोबत्यांपैकी एकाने विचारले, “लागत नाही का?” मी म्हटले, “साडेसहाला लागेल.” त्या क्षणी ते मला स्वतःला खरे वाटत नव्हते.

आता दुवे लावायचे होते. म्हणजे दोन्ही बाजूंना दहा मीटर उतरायचे, झुडपाला बांधलेले टोक सोडायचे, पुढची तार उलगडायची, चिमटा लावायचा, टोक पुन्हा लांब बांधायचे. वाचायला एक वाक्य आहे. अंधारात, हातमोजे घालून चिमट्याचा स्प्रिंग दाबला जात नाही, आणि हातमोजे काढले तर बोटांना चिमटा सापडत नाही. काळी तार, काळी माती. डावी बाजू झाली. उजवीकडे तार झुडपात गुंतली. मी दाताने ओढून ती सोडवली. सेटकडे परत येऊन बटण दाबले तर अँटेनाकडून परतलेल्या शक्तीचा काटा शेवटाला जाऊन टेकला आणि सेटने स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती तोडली. उजवा चिमटा तारेला न लागता तारेवरच्या प्लास्टिकला चावला होता. पुन्हा उतरले. सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी काटा खाली आला.

साडेसहाला मी बोलायच्या आतच हेडफोनमध्ये माझी कॉल साइन आली. एकेक अक्षर सुटे, आल्फा-ब्राव्होच्या पद्धतीने, त्यांच्या नेहमीच्या संथ सुरात. पलीकडे वीज कडाडल्यासारखा खळखळाट होता, पण शब्द स्पष्ट होते. ते सहाचा स्केड चुकल्यापासून इथेच येऊन बसले होते.

हाक कोणती द्यायची हे आम्ही आधी बोलून ठेवले होते. जीव आत्ता धोक्यात असेल तर ‘मेडे’, तातडीची गरज आहे पण जीव लगेच जात नाही तर ‘पॅन-पॅन’. हे शब्द जहाजांचे आणि विमानांचे आहेत, मात्र अर्थ सर्वांना कळतो. मी पॅन-पॅन तीनदा म्हटले आणि फॉर्म वाचायला घेतला. कोण, कुठे, काय झाले, किती जण, त्यांची अवस्था, काय हवे, आमच्याकडे काय आहे. ऐकणारा पेन्सिलने लिहीत असतो, म्हणून लिहिण्याच्या वेगाने बोलायचे. आकडे एकेक करून सांगायचे. मराठीत तर हे जास्तच महत्त्वाचे, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला ‘एकोण’ खणखणीत पोचतो आणि पुढचे खळखळाटात जाते. पाच नऊ, सहा नऊ असे म्हटले की भांडणच नाही.

फॉर्मवर अक्षांश-रेखांशाच्या चौकटी अंश आणि मिनिटांच्या होत्या. मी अंधारात फोनच्या पडद्यावरून आकडे उतरवून घेतले होते. वाचून दाखवले. त्यांनी रीतीप्रमाणे सगळे परत वाचून दाखवायला सुरुवात केली आणि रेखांशाशी थबकले.

“मिनिटे सात एक दशांश दोन? सात एक?”

“सात एक, बरोबर.”

“साठाच्या वर मिनिटे जात नाहीत. तुमचा फोन दशांश अंशात दाखवतो आहे का, पाहा. ओव्हर.”

मी पाहिले. फोन दशांश अंशच दाखवत होता, आणि मी पूर्णविरामापुढचे आकडे जसेच्या तसे मिनिटांच्या चौकटीत भरले होते. अक्षांशात ०.२३४१७ अंश म्हणजे सुमारे १४ मिनिटे होतात. मी २३ मिनिटे सांगितली होती. फरक नऊ मिनिटांचा, जमिनीवर सतरा किलोमीटरांचा, आणि एकट्या अक्षांशावरून तो कोणालाही कळला नसता, कारण २३ मिनिटे असू शकतात. रेखांशात नशिबाने ७१ आले म्हणून चूक उघडी पडली. ते तिथे चाळीस आले असते तर? त्यांच्यासमोर आमचा मार्ग आखलेला नकाशा होता, तेव्हा त्यांनी तिथेही पकडलीच असती, असे ते मला नंतर म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवायचे ठरवले आहे. आकडे दुरुस्त करून, ‘दशांश अंश’ हे शब्द दोनदा उच्चारून पुन्हा सांगितले. पुन्हा वाचून दाखवले गेले. “क्यूएसएल,” मी म्हटले, म्हणजे पोचले, आणि पहिल्यांदा लक्षात आले की माझा आवाज कापतो आहे.

त्यांनी बचावपथकाला फोन केला. आम्ही दर अर्ध्या तासाने तीन मिनिटे सेट उघडायचा आणि मधे पूर्ण बंद ठेवायचा असे ठरले, कारण प्रसारणात दोन अँपिअर जातात आणि नुसते ऐकतानाही चाळीस-पन्नास शतांश अँपिअर जात राहतात, आणि बॅटरी साडेचार अँपिअर-तासांची होती. रात्र लांब होती. साडेसातला निरोप आला की पथक पहाटे चढायला लागेल, रात्री ओढा ओलांडणे त्यांना योग्य वाटत नाही. वाईट वाटले, पण कळल्यामुळे आम्ही रात्रीची तयारी करू शकलो. येतील येतील म्हणून वाट बघत थंडीत बसलो नाही. बीकन हे सांगू शकला नसता, हे तेवढे रेडिओच्या बाजूने नोंदवते. आठला पथकातल्या डॉक्टरांचे प्रश्न मार्गदर्शकांमार्फत आले. बोटे गरम आहेत का, चिमटा काढलेला कळतो का, लघवी झाली का. मी उत्तरे तिसऱ्याला विचारून सांगत होते आणि त्यातल्या शेवटच्या प्रश्नावर तो त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

पथकाचे सेट त्यांच्या स्वतःच्या वाहिनीवर चालत होते आणि तिथे प्रसारण करणे आमच्या सेटला शक्य नव्हते. म्हणून मार्गदर्शकांनी परवानाधारक दोघांना पथकाबरोबर दोन मीटरचे हँडसेट देऊन पाठवले, आणि ठरल्याप्रमाणे सकाळी सहापासून मी दर पंधरा मिनिटांनी हँडसेट उघडत राहिले. सव्वासात वाजता, पथक समोरच्या खिंडीत आले असावे तेव्हा, अनोळखी आवाजात माझी कॉल साइन आली, इतकी जोरात की मी आवाजाचे बटण उलटे फिरवले. मगर नाही, रिपीटर नाही, सरळ सेटहून सेटला. मी त्यांना आमच्या लाल तंबूची दिशा सांगितली. ते म्हणाले, “दिसला.” पाऊण तासाने ते पोचले आणि पुढचे काम त्यांचे होते.

सगळे नेहमी असे जुळून येईल, असे मी कोणाला सांगणार नाही. ६ सप्टेंबर २०१७ ला सूर्यावर एक्स वर्गाचा प्रचंड भडका झाला आणि नेमके त्याच दिवशी कॅरिबियन बेटांवर इर्मा चक्रीवादळ थैमान घालत असताना लघुलहरींचा संपर्क काही काळ बंद पडला होता. तिथे आणीबाणीचे संदेश नेणारे हॅम कुशल नव्हते असे थोडेच आहे? त्या संध्याकाळी सूर्य शांत होता, एवढेच.

तिसऱ्याच्या नडगीत पट्टी आणि स्क्रू बसले, चार महिन्यांत तो काठीशिवाय चालू लागला. मी माझी तार पुन्हा केली. आता ती पिवळी आहे, दुव्यांना चिमट्यांऐवजी एकमेकांत घुसणारे जोड आहेत, आणि प्रत्येक जोडावर बोटांना कळेल अशी सुतळीची गाठ मारली आहे, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दोन. फॉर्मवर अक्षांश-रेखांशाच्या चौकटींवर ‘दशांश अंश’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे आणि मिनिटांची चौकट काढून टाकली आहे. आणीबाणीच्या यादीत दर महिन्याला करायचे एक काम वाढले आहे. दिवे मालवून, हातमोजे घालून तार ७ वरून ३.६ वर आणायची. पहिल्या वेळी अकरा मिनिटे लागली होती. परवा साडेतीन लागली, आणि साडेसहाला मार्गदर्शक तिथे होतेच.